घरापासून रस्त्याच्या चेंबरपर्यंत

भाद्रपदात पाऊस दोन-चार दिवस नेटानं पडला की आमच्या न्हाणीघराच्या जाळीतून एक आवाज येतो. गुडगुड म्हणावं तर तसा, उचकी म्हणावं तर तसा. घरात दुसऱ्या कुणाला तो ऐकूही येत नाही. मला मात्र स्वयंपाकघरात मिक्सर चालू असला तरी ऐकू येतो. मग मी हातातलं काम टाकून न्हाणीघरात जाते, जाळीवर तांब्याभर पाणी ओतते आणि ते खाली जातंय का, हे बघत उभी राहते. जातं. चांगलं जातं. तरी मी आणखी एक तांब्या ओतते. "झाला का तुझा अभिषेक?" असं आमचे हे बाहेरच्या खोलीतून विचारतात. विचारू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

मी मुळातच भित्री. कुलूप लावल्यावर दोनदा ओढून बघणारी, जिन्यात कुणी शिंकलं तरी दचकणारी. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं माझी आई माझ्याकडं बघूनच म्हणायची. पण जमिनीखालून येणाऱ्या आवाजाची भीती माझी एकटीची नाही. माझं माहेर औशाकडचं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी कॉलेजात होते. आमचं गाव वाचलं, पण त्या पहाटे भुईच्या पोटातून जो आवाज आला तो आमच्या पिढीच्या कानातून गेलेला नाही. रस्त्यावरून जड ट्रक गेला तरी आमच्याकडची माणसं बोलता बोलता थांबतात, एकमेकांकडं बघतात आणि मग हसून पुढचं बोलतात. ते हसू खरं नसतं.

तर हा आवाज. त्याची गोष्ट सांगायची तर आधी आमच्या हौदाची सांगावी लागेल.

लातूरच्या घराला हौद नसेल तर ते घर नव्हे. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की मिळेल तेवढं साठवायचं आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचं, ही इथली रीत. रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यानंतर तर घर बांधणाऱ्यानं आधी हौद खणायचा आणि मग पाया, असंच चालू झालं. आम्ही बांधलं तेही त्याच सुमारास. हौद ईशान्येलाच हवा, असं सगळ्यांचं म्हणणं. पाण्याची ती जागा, त्यात वाद नाही. पण आमच्या घरापुढचा रस्ता पूर्वेला, आणि गटाराची मोठी लाईन त्या रस्त्याखालून. संडास-मोरीचं पाणी तिकडंच न्यायचं तर आमच्या घरातून निघालेला पाईप अंगणातून हौदाच्या कुशीला घासूनच जाणार. मिस्त्रीनं टेप धरून बघितलं आणि म्हणाला, "हातभर अंतर हाय की वहिनी. लई झालं." वर फरशी बसली, तुळस आली, आणि खाली काय आहे ते आम्ही विसरलो.

वास्तुशांतीला माणसं आली ती फरशीचं कौतुक करून गेली. देवघर बघितलं, ओटा बघितला, गच्चीवर जाऊन दूरवरचं बघितलं. तुमची घाण कुठून जाते, असं एकानंही विचारलं नाही. कसं विचारणार? आता मी विचारते. कुणी नवं घर दाखवायला बोलावलं की चहाच्या आधी विचारते, लाईन कुठून गेलीय, हौद किती लांब आहे, मध्ये चेंबर ठेवलाय का. यजमानीणबाईंचं तोंड आंबट होतं. ह्यांना तर माझ्यासोबत कुणाकडं जायची लाज वाटते.

घर बांधून काही वर्षं झाली, तेव्हा आमची लेक रेणुका पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. सासर नांदेडचं, चांगली माणसं, पण पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं असतं. श्रावणात जाऊन मी तिला घेऊन आले. बसच्या खिडकीतून सगळीकडं सोयाबीन उभं दिसत होतं आणि ही माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. घरी आल्यावर तिचा मुक्काम पायरीवर. सुजलेले पाय पुढं पसरून, मांडीवर उकडलेल्या ओल्या शेंगांची ताटली घेऊन ती पाऊस बघत बसायची. टरफलं अंगणात टाकायची आणि मी ओरडले की हसायची. मला ते दिवस आठवतात ते त्या शेंगांच्या वासानं. मीठ, हळद आणि ओली माती. मी इतकी सुखात होते की त्याचीसुद्धा मला भीती वाटायची.

पोळा झाला आणि पावसानं जोर धरला. एका दुपारी मोरीत धुण्याचं पाणी सोडलं तर ते खाली जाईना. उलट गुडगुड करत जाळीतून वर आलं, काळपट, खरकट्याचे कण घेऊन. संडासातलं पाणीही चढून काठाशी आलं आणि तिथं थरथरत थांबलं. मी पदर नाकाला लावून मागं सरकले. आपलं घर आपल्यालाच परत काहीतरी देऊ लागलं की जे वाटतं, ते मला तेव्हा वाटलं.

ह्यांनी पालिकेला फोन केला. हे शाळेत गणित शिकवतात, त्यामुळे समोरच्याची चूक सापडली की यांना उत्साह येतो. "आपण कर भरतो, ही जबाबदारी त्यांची," असं म्हणत गळ्यात मफलर, डोक्यावर छत्री अशा थाटात ते रस्त्यात उभे राहिले. भर पावसात पालिकेचे दोघं आले. त्यांनी रस्त्यातल्या मोठ्या चेंबरचं झाकण पहारीनं उचललं. आत पाणी खळाळत चाललं होतं.

"सर, आमची लाईन मोकळी हाय, बघा तुमच्या डोळ्यानं," त्यातला एकजण म्हणाला. "अडलंय ते तुमच्या घरापासून हितपर्यंत. तेवढा तुकडा घरवाल्याचा असतो. फरशी काढा, उकरा, पाईप बदला."

"म्हणजे अंगण फोडायचं?"

"मग काय वरून पूजा करताव त्याची?"

झाकण बसवून ते गेले. हे बराच वेळ अंगणाकडं बघत राहिले. प्लॉटची मोजमापं यांना तोंडपाठ, चारी बाजूंच्या शेजाऱ्यांची नावं पाठ, पण फरशीखालचा तो तुकडा आपला आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मलाही. जमिनीवरचं वीतभर कुणी दाबलं तर आपण भांडायला उठतो, आणि जमिनीखालचं मात्र आपलं म्हणायला कुणी तयार नसतं.

उकरायचं ठरतही होतं. पण त्याच दिवशी उदगीरहून वन्संचा फोन आला. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, आमच्या घरातला शेवटचा शब्द. मी बोलता बोलता सांगून बसले. त्या कडाडल्या, "पोटुशी लेक घरात अन् तुम्ही भुई उकरताव? खिळा ठोकू नाही म्हणतेत अशा घरात! तिला मोकळी होऊ द्या, मग खणा काय खणायचं ते."

हे एरवी सत्यनारायणातला फक्त शिरा मानणारे. त्या दिवशी मात्र म्हणाले, "आक्का म्हणतेय तर राहू दे." फरशी फोडायचं टळल्याचा आनंद यांच्या चेहऱ्यावर मला दिसत होता. आणि मला? मला दोन्हीकडून भीती. घाण तुंबली याची एक, आणि भुईला टिकाव लागला नि रेणुकाच्या पोटातल्या जिवाला काही झालं तर, याची दुसरी. दुसरीचं तोंड जास्त मोठं होतं. शिवाय महालक्ष्म्या तोंडावर आल्या होत्या. फाटकापासून घरात लक्ष्मीची पावलं काढायची ती त्याच अंगणात. तिथं खड्डा कसा चालेल?

मग ह्यांनी बांबूची लांब कामटी आणली आणि घरालगतच्या छोट्या चेंबरमधून पाईपात घालून जोरजोरात ढोसली. घाम येईपर्यंत ढोसली. एकदम काहीतरी सुटलं आणि पाणी भसकन खाली गेलं. "बघ, मोकळं झालं!" हे म्हणाले. मोरी रिकामी झाली, संडास उतरला. पाणी कुठंतरी जात होतं, एवढंच आम्हाला पुरे होतं.

महालक्ष्म्या थाटात झाल्या. सुगीच्या आधीचा आमच्याकडचा सगळ्यात मोठा सण. सोवळं कडक. एरवी कधीमधी आम्ही जारचं पाणी आणतो, पण नैवेद्याला ते चालत नाही, कुणाकुणाचे हात लागलेले असतात. म्हणून मी ओलेत्यानं अंगणात जाऊन हौदाचं झाकण उचललं आणि घागर सोडून पाणी काढलं. ते कुणी शिवू नये म्हणून वर केळीचं पान झाकलं. पुरण, सोळा भाज्या, कढी, आंबील. गल्लीतली माणसं पंगतीला बसली, आणि रेणुका प्रत्येकाच्या पेल्यात तांब्यानं पाणी वाढत फिरली. घामेजलेली, नऊवारीत पोट सांभाळत. मी तिच्यावरून मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या, कारण मला दृष्टीची भीती वाटली.

आता लिहिताना हात थांबतो. मी दृष्ट काढत होते आणि ती पाणी वाढत होती.

सण उरकल्यावर हौद तळाला गेला. नळ यायचा होता. रेणुकानं माठातलं पाणी प्यायला घेतलं, तोंडाशी नेलं आणि पेला खाली ठेवला. "आई, पाण्याला साबणाचा वास येतोय."

"औषध टाकलं असंल पालिकेनं," हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

पोटुशीचं नाक तीन घरांपलीकडची फोडणी ओळखतं. मी शेजारच्या सोनकांबळे सिस्टरांकडं गेले. सरकारी दवाखान्यात नोकरी करून निवृत्त झालेल्या, गल्लीतल्या सगळ्यांच्या सिस्टर. त्या महालक्ष्म्या मांडत नाहीत, पण आमचं पुरणाचं ताट त्यांच्याकडं जातं आणि बुद्धपौर्णिमेची खीर त्यांच्याकडून येते. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. हौदाचं झाकण उचलून त्यांनी आत वास घेतला आणि त्यांचं हसणं गेलं.

"ताई, नीळ हाय का घरात? कपड्याची?"

त्यांनी निळीची बाटली संडासात ओतली आणि मला वरून बादल्या ओतायला लावल्या. एक, दुसरी, आणखी. मग आम्ही दोघी हौदाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसलो. त्यांनी मोबाईलचा उजेड आत धरला. हौद जवळजवळ रिकामा होता, ओल्या भिंती चकाकत होत्या. काही नव्हतं. मी सुटकेचा श्वास घेतला, आणि तेवढ्यात पाईपाच्या बाजूच्या भिंतीतून एक निळी रेघ बाहेर आली. बारीक, दोऱ्याएवढी. ती सावकाश भिंतीवरून उतरली आणि तळाच्या पाण्यात मिसळली.

मी हौदाच्या काठाला धरून ताडकन उठले. मागं पायरीवर रेणुका शेंगा सोलत होती. "काय बघायलात गं दोघी?" तिनं तिथूनच विचारलं.

"पाल पडलीय आत," सिस्टर म्हणाल्या. मग माझा दंड धरून हळू आवाजात, "ताई, बसा खाली. रडू नका हितं. तिचं बीपी वाढून चालणार न्हाई."

ती कामटी. मोकळं झालं म्हणून आम्ही हसलो तेव्हा पाईपाचा सांधा सुटला होता. घाणीला रस्त्याकडं जायला वाट नव्हती, ती आमच्या हौदाकडं निघाली.

रेणुकाच्या डॉक्टरबाईंना मी एकटीच जाऊन भेटले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. कावीळ अशा पाण्यातून होते, म्हणाल्या, आणि दिसायला महिना-दीड महिनाही लागू शकतो. गर्भारपणात ती वाईट. किती वाईट, हे मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. रेणुकाचं रक्त नेहमीच्या तपासणीच्या नावाखाली घ्यायचं ठरलं. "डोळे बघत जा तिचे," त्या म्हणाल्या. "पांढऱ्यात पिवळेपणा दिसला की लगेच घेऊन या."

त्यानंतर भुई उकरायला कुणाची परवानगी लागली नाही. ह्यांनी स्वतः टिकाव घातला. लक्ष्मीची पावलं फरशीवर अजून पुसटशी होती, त्यांच्यावरच घातला. प्लंबर आला, जुना पाईप निघाला, नवा घराच्या दुसऱ्या बाजूनं लांबचा वळसा घेऊन गेला. हौद उपसला, घासला, पुन्हा घासला. रेणुकाला पाईप फुटला एवढंच सांगितलं. स्वयंपाकघरात दिवसभर पातेल्यात पाणी उकळत राहायचं. "पाऊसपाण्याचे दिवस आहेत," मी म्हणायचे.

पण पंगतीला जेवून गेलेल्यांचं काय? त्यांना सांगायचं की नाही? मी म्हटलं, राहू दे, लोक काय म्हणतील. सिस्टर म्हणाल्या, "उद्या कुणाचं लेकरू पिवळं पडलं तर काय म्हणतील?" त्या संध्याकाळी हे छत्री घेऊन निघाले. प्रत्येक फाटकाशी उभे राहिले आणि वर्गात गणित सांगावं तशा सरळ आवाजात म्हणाले, "आमच्या लाईनची घाण आमच्या हौदात गेली होती. तुम्ही ते पाणी प्यालात. जेवण जाईना, लघवी पिवळी झाली, तर दवाखान्यात जा. आणि आमच्या रेणुकाला कळू देऊ नका." मी गच्चीवरून बघत होते. एका घरातून मोठा आवाज आला. हे मान खाली घालून ऐकत राहिले, मग पुढच्या फाटकाशी गेले. लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मला यांचा अभिमान वाटला तो त्या संध्याकाळी.

गल्लीनं ते रेणुकापासून लपवलं. ज्या गल्लीत कुणाच्या घरी कुठली भाजी झाली हेही लपत नाही, तिथं हे लपलं.

मग माझं डोळे बघणं सुरू झालं. सकाळी उठल्या उठल्या रेणुकाला अंगणात बोलवायचं. "तुझ्या पापणीला काहीतरी लागलंय, इकडं उजेडात ये बरं." बोटानं खालची पापणी ओढायची आणि बघायचं. पांढरं. दुपारी शंका यायची. सकाळी ढग होते, नीट दिसलं नसेल. पुन्हा काहीतरी निमित्त. रात्री बल्बच्या उजेडात तर सगळंच पिवळं वाटायचं. तिनं हळद-कुंकू लावलेलं कपाळ पुसलं आणि हात पिवळा झाला तरी मी घाबरायचे. दारावर पेरू विकायला बाई आली की पिकलेले पेरू मी घ्यायचे नाही. वेडेपणा होता तो, पण भीतीला रंग असतो हे मला तेव्हा कळलं.

गल्लीतही मी तेच करत होते. दळणाला जाताना, भाजीवाल्यापाशी, कुणाशीही बोलताना माझी नजर समोरच्याच्या डोळ्यांत. शेजारच्या आजी म्हणाल्या, "का गं, लई टक लावून बघायलीस? तोंडाला काही लागलंय का?" लोक बरे होते. एक-दोघांना जुलाब झाले ते थांबले. नवरात्र आलं, गेलं. कोजागिरीचं दूध मी तीनदा उकळलं.

मला जेवण जात नव्हतं. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडलं तरी मळमळायचं. जिना चढले की पायात गोळे. काळजी खातेय, दुसरं काय, असं मी म्हणायचे आणि हेही तसंच म्हणायचे. आईचा जीव, असं म्हणून सगळे माझ्याकडं मायेनं बघायचे.

दिवाळीच्या तोंडावर रेणुकाला कळा सुरू झाल्या. हे बाहेर रिक्षा थांबवून उभे, मी पिशवी भरताना तीच वस्तू पुन्हा पुन्हा आत घालतेय. सिस्टर सोबत आल्या. दवाखान्याच्या व्हरांड्यात आम्ही दोघी बाकावर बसलो. डॉक्टरबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, रक्त पुन्हा बघितलं, स्वच्छ आहे. मी भिंतीला डोकं टेकून रडले. त्या सबंध पावसाळ्यात पहिल्यांदा मोकळेपणानं रडले. मग आतून बारीक टाहो ऐकू आला.

नर्स दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन दारात आली. "घ्या आजी, नात झाली."

मी उठले. दोन्ही हात पुढं केले. समोरच्या खिडकीतून सकाळचं ऊन थेट आत येत होतं, ते माझ्या तळहातांवर पडलं. सिस्टरांनी एकदम माझं मनगट धरलं.

"ताई, वर बघा जरा. माझ्याकडं."

मी बघितलं. त्यांनी अंगठ्यानं माझी पापणी खाली ओढली. त्यांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

"हात मागं घ्या," त्या म्हणाल्या.

गल्लीतल्या प्रत्येकाचे डोळे मी बघितले होते. आरशात बघायचं मला सुचलंच नव्हतं.

बाळाला न्हाऊमाखू घालायला उदगीरहून वन्सं आल्या. माझा पिवळा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "तरी मी सांगत होते, भुई उकरू नका." मी कूस बदलून भिंतीकडं तोंड केलं. रेणुकाला सगळं कळलं तेव्हा ती माझ्यावर चिडली, मग दोन खोल्यांमधल्या दारात उभी राहून रडली. जवळ येऊ नकोस, असं मीच तिला हातानं सांगत होते. पाचवी मी आतल्या खोलीतून ऐकली. बारशाला नाव काय ठेवलं, ते मला दाराशी येऊन सांगितलं. रोज न्हाणं झालं की ह्यांनी बाळाला दारात आणायचं, मी पलंगावरून बघायचं, आणि ह्यांनी परत न्यायचं. ओव्याची धुरी, वेखंड, ओल्या दुपट्याचा वास माझ्या खोलीपर्यंत यायचा.

नातीला मी पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा ती मान धरायला लागली होती.